आजी-आजोबांचे फोटो आणि पुण्याची हवा

फोटो जुना झाला की खराब होतो, असं आपण धरून चालतो. प्रत्यक्षात १९१५ च्या सुमाराचा एखादा फोटो आजही लख्ख असतो आणि त्याच घरातला १९८२ चा लग्नाचा अल्बम तांबडा पडलेला असतो. वयाचा वाटा यात थोडा. फोटो कशावर छापलाय, घरात कुठे ठेवलाय आणि त्याला जपण्यासाठी आपण काय काय केलंय, यावर बहुतेक सगळं ठरतं. पुण्यात त्यात इथल्या हवेची भर पडते, म्हणून सुरुवात तिथूनच करावी लागते.

साधारण १८९० पासून १९७० पर्यंतचे काळे-पांढरे फोटो बहुतेक एकाच पद्धतीचे आहेत. खाली कागद, त्यावर बेरियम सल्फेटचा पांढरा गुळगुळीत थर, त्यावर जिलेटिन, आणि जिलेटिनमध्ये चांदीचे अतिसूक्ष्म कण. आपल्याला दिसतं ते चित्र या चांदीचं. जिलेटिन हा हाडा-कातड्यांपासून काढलेला पदार्थ. हवेत दमटपणा वाढला की तो फुगतो, हवा कोरडी झाली की आक्रसतो. पुण्यात एप्रिलच्या दुपारी आर्द्रता २०-२५ टक्क्यांपर्यंत उतरते आणि जुलै-ऑगस्टमध्ये ८० च्या वर जाऊन आठवडेच्या आठवडे तिथेच राहते. कागद आणि जिलेटिन सारख्या प्रमाणात फुगत नाहीत, त्यामुळे दरवर्षी हा ताण पडतो. फोटो आतल्या बाजूला वळतो, मग त्याला बारीक भेगा पडतात, मग कडेचे पापुद्रे सुटतात. आर्द्रता ६५-७० टक्क्यांच्या वर टिकून राहिली तर बुरशी धरते, कारण जिलेटिन हे बुरशीचं आवडतं खाद्य आहे. कसर आणि झुरळांचंही तेच. फोटोच्या कडेला जिथे नकाशासारखे ओबडधोबड खरवडे दिसतात, तिथे कसर चरून गेलेली असते.

फोटोंना ३० ते ५० टक्के आर्द्रता मानवते, आणि ती जितकी स्थिर तितकं बरं. वाड्यांमधले फोटो शंभर-शंभर वर्षं टिकले त्याचं कारण इथे आहे. माजघर घराच्या पोटात असायचं, भिंती जाड, आणि फोटो लाकडी पेटीत कापडात बांधलेले. लाकूड आणि सुती कापड दमटपणा शोषून हळूहळू सोडतात, त्यामुळे आतली हवा बाहेरच्या हवेइतकी वर-खाली होत नाही. तेच फोटो फ्लॅटमध्ये येतात, पश्चिमेच्या भिंतीला टेकवलेल्या लोखंडी कपाटात किंवा गच्चीखालच्या माळ्यावर प्लास्टिकच्या पिशवीत जातात आणि दहा पावसाळ्यांत त्यांची रया जाते.

आधी ओळख पटवा

पेटी उघडली की पुसायला किंवा चिकटलेलं सोडवायला हात घालू नये. आधी प्रत्येक फोटो कोणत्या प्रकारचा आहे ते पाहावं. काही फोटोंना पाणी चालतं, काहींना एक थेंबही चालत नाही, आणि हे दोन्ही एकाच पेटीत निघतात. यासाठी दहापट मोठं दाखवणारं भिंग पुरतं.

फोटोचा कागद अगदी पातळ, म्हणून जाड पुठ्ठ्यावर डकवलेला, रंग तपकिरी-जांभळट, आणि उजळ भाग पिवळे पडलेले, असं असेल तर तो बहुधा अल्ब्युमेन प्रिंट, म्हणजे अंड्याच्या पांढऱ्याच्या थरावरचा फोटो. ही पद्धत १८५० साली फ्रान्समध्ये निघाली आणि पुढची चाळीसेक वर्षं जगभर तीच चालली. भिंगातून यात कागदाचे तंतू दिसतात आणि चित्रभर केसाइतक्या बारीक भेगांचं जाळं दिसतं. स्टुडिओचं नाव छापलेले सव्वाचार बाय साडेसहा इंचांचे पुठ्ठे मिळतात, त्यांवर पुष्कळदा हाच प्रकार असतो. याला पाणी, वाफ, ओला बोळा, काहीही लावायचं नाही.

भिंगातून तंतू अजिबात दिसले नाहीत आणि पृष्ठभाग सलग असला तर तो बहुधा जिलेटिनचा फोटो. तो खिडकीपाशी धरून हळूहळू तिरपा करा. एका विशिष्ट कोनात कडेच्या काळ्या भागांवर निळसर-चंदेरी झाक चमकते, कोन बदलला की नाहीशी होते. ती चांदीच. हवेतल्या प्रदूषणामुळे आणि दमटपणामुळे चांदीचे कण विरघळतात, पृष्ठभागापर्यंत सरकतात आणि तिथे पुन्हा जमतात. अनेकांना ती धूळ किंवा तेलकट डाग वाटतो आणि ते घासून काढतात. घासल्यावर जाते ती त्या फोटोतली चांदीच असते. झाक तशीच राहू द्यावी, स्कॅन करताना दिवे नीट लावले की ती दिसत नाही.

मागची बाजू प्लास्टिकसारखी गुळगुळीत आणि पेन्सिल उमटत नसेल तर तो १९७० नंतरचा प्लास्टिक-थराचा कागद. आणि भिंगाखाली रांगेत ठिपके दिसले तर तो फोटो नाही, छापील चित्र आहे. थोर पुरुषांच्या आणि देवादिकांच्या अनेक तसबिरी अशा निघतात.

एक गोष्ट जरूर सांगावीशी वाटते: हाताने रंगवलेले फोटो. काळ्या-पांढऱ्या फोटोवर साडीचा काठ, दागिने, गाल रंगवण्याची पद्धत आपल्याकडे जोरात होती. त्यातले काही रंग नुसत्या पाण्याने वाहून जातात. दागिन्यांवर सोनेरी टिकल्या दिसल्या, किंवा तिरप्या उजेडात रंगाचा थर उंच वाटला, की तो फोटो ब्रशनेसुद्धा झटकू नका.

सालाचा अंदाजही याच वेळी घ्यावा. मागे शिक्क्यात "पूना" असेल तर तो बहुधा १९७८ आधीचा, कारण शहराचं नाव अधिकृतपणे पुणे झालं ते तेव्हा. पण दुकानदार जुने शिक्के पुढेही वापरत, म्हणून एवढ्यावर निकाल देऊ नये. मागे बालगंधर्व रंगमंदिर उभं असेल तर फोटो १९६८ च्या आधीचा नाही. करवतीसारख्या दातेरी कडा साधारण १९३० ते १९६० च्या दरम्यानच्या छोट्या प्रिंट्सवर दिसतात.

भिंतीवरच्या तसबिरी

सगळ्यात जास्त नुकसान फ्रेममध्ये होतं आणि ते बाहेरून दिसत नाही. जुन्या फ्रेममध्ये काच थेट फोटोला टेकलेली असते. पावसाळ्यात जिलेटिन फुगून मऊ होतं, काचेला चिकटतं आणि उन्हाळ्यात तिथेच वाळतं. असे चाळीस-पन्नास पावसाळे गेले की फोटो आणि काच एकजीव होतात. हे ओळखायला फ्रेम उघडावी लागत नाही. ती तिरपी धरून पाहा. चिकटलेला भाग ओला असल्यासारखा गडद आणि चकचकीत दिसतो, सुटा भाग किंचित धुरकट दिसतो, आणि दोहोंची सीमा बेटाच्या किनाऱ्यासारखी स्पष्ट असते.

दुसरा त्रास पाठीमागून येतो. मागे फळी, हार्डबोर्ड किंवा साधा पुठ्ठा असतो. त्यातलं आम्ल हळूहळू फोटोत उतरतं. फळीला गाठ असेल तर त्या गाठीचा तपकिरी गोल फोटोच्या चेहऱ्यापर्यंत उमटतो.

तिसरं कारण आपल्या रीतींमध्ये आहे. गेलेल्या माणसाच्या तसबिरीला आपण हार घालतो, गंध लावतो, समोर उदबत्ती लावतो. ताज्या हाराचं पाणी आणि ओलं गंध काचेवरून ओघळून फ्रेमच्या खालच्या पट्टीत शिरतं. जुन्या तसबिरींचा खालचा काठच आधी का कुजतो, याचं हे उत्तर. पितृपक्ष तर भाद्रपदात येतो, म्हणजे हवा आधीच दमट असते. रीत मोडायची काहीच गरज नाही. मूळ फोटोची चांगली प्रत छापून ती फ्रेममध्ये लावावी, हार-गंध तिला करावं आणि मूळ फोटो पेटीत ठेवावा. एवढा एकच बदल केला तरी निम्मं काम झालं.

फ्रेम उघडण्यासाठी पावसाळा सोडून कोरडा दिवस निवडा. टेबलावर टॉवेलची घडी, त्यावर फ्रेम पालथी. मागचा खाकी कागद कटरने कडेने कापा. खिळे गंजलेले असतात; ते उपटू नका, पक्कडीने हलकेच सरळ उभे करा, नाहीतर धक्क्याने काच तडकते. मागचा पुठ्ठा उचलला की पुष्कळदा वर्तमानपत्राची घडी निघते. ती फेकण्याआधी तिच्यावरची तारीख टिपून घ्या आणि तिचाही फोटो काढून ठेवा. ती तारीख फोटोची नसते, फ्रेमची असते, पण फोटो त्यापूर्वीचा आहे एवढं तरी पक्कं होतं.

आता फोटोचा एक कोपरा पातळ कागदाच्या पट्टीने हलकेच उचलून पाहा. उचलला गेला तर उत्तम. अडला तर तिथेच थांबा. ओढू नका, वाफ देऊ नका, ड्रायरची गरम हवा मारू नका, सुरी सरकवू नका. काचेसकट स्कॅन करा आणि काचेसकटच, काच खालच्या बाजूला ठेवून, आडवा जपून ठेवा. तो सोडवणं हे प्रशिक्षित संवर्धकाचं काम आहे. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात त्यासाठी कला संवर्धन केंद्र आहे. काचेला चिकटलेला फोटो पुढची वीस वर्षंही तसाच राहतो. घाईने ओढला तर चेहरा काचेवर आणि कागद हातात येतो.

पुन्हा फ्रेम करायचीच असेल तर फ्रेमवाल्याला चार गोष्टी स्पष्ट सांगा. काच आणि फोटोमध्ये जाड माउंट, म्हणजे पुठ्ठ्याची चौकट हवी, म्हणजे काच फोटोला टेकणार नाही. फोटो गोंदाने किंवा दुहेरी टेपने चिकटवायचा नाही, कागदी कोपऱ्यांमध्ये बसवायचा. मागे ॲसिड-फ्री, म्हणजे आम्ल नसलेला बोर्ड. आणि फ्रेमच्या मागच्या खालच्या दोन कोपऱ्यांवर बुचाचे तुकडे, म्हणजे भिंत आणि फ्रेम यांत हवा खेळेल. ती बाहेरच्या भिंतीवर, न्हाणीघराच्या भिंतीवर, ऊन येणाऱ्या खिडकीसमोर किंवा देवघराशेजारी टांगू नये.

अल्बम: कोणता सोडवायचा, कोणता तसाच ठेवायचा

काळ्या जाड पानांचे, कोपऱ्यांत बसवलेल्या फोटोंचे, मध्ये जाळीच्या नक्षीचा पातळ कागद असलेले जुने अल्बम सहसा चांगले टिकतात. पानं ठिसूळ झाली नसतील तर ते मोडू नका. त्यांतला क्रम, खाली पांढऱ्या शाईने लिहिलेल्या ओळी, हे सगळं फोटोइतकंच मोलाचं आहे. मधला कागद पिवळा पडला असेल तर तेवढा बदला.

१९७५ ते १९९५ च्या दरम्यानचे चिकट पानांचे अल्बम मात्र लवकरात लवकर रिकामे करायचे. पानावर गोंदाच्या रेषा, वर पारदर्शक प्लास्टिक. तो गोंद पिवळा पडत जातो आणि फोटोच्या पाठीत मुरतो. वरचं प्लास्टिक पीव्हीसी असेल तर त्यातून आम्लाची वाफ निघते. नव्या रेनकोटसारखा उग्र वास आला तर ते पीव्हीसी समजावं.

आधी प्रत्येक पानाचा जसाच्या तसा फोटो काढून ठेवा, म्हणजे क्रम हरवत नाही. प्लास्टिक उलटा. दात साफ करायचा बिनमेणाचा धागा वीतभर-दीडवीत घ्या, तो फोटोच्या कोपऱ्यामागे सरकवा आणि करवतीसारखा पुढे-मागे करत खाली न्या. या कामात लोक हमखास फोटो वाकवतात. वाकवायचं ते अल्बमचं पान, फोटो सपाटच राहिला पाहिजे. नाहीतर पृष्ठभागावर आडवी पांढरी भेग पडते आणि ती कायमची राहते. धागा अडला तर फोटोभोवती पान कात्रीने कापा आणि पाठीला चिकटलेल्या तुकड्यासकट तो ठेवून द्या. गोंद अजून ओलसर असेल तर पाठीखाली सिलिकॉनचा बेकिंग पेपर घाला.

लॅमिनेशनबद्दल एकच वाक्य पुरे: करू नका, कारण ते उलटं करता येत नाही. फाटलेल्या फोटोला सेलोटेप लावण्याचंही तसंच. दहा-पंधरा वर्षांत टेप गळून पडते आणि तिचा पिवळा पट्टा मागे राहतो. फाटलेले दोन्ही तुकडे एका कागदी पाकिटात, एकमेकांवर न चढवता, पुठ्ठ्याच्या आधाराने ठेवले तर ते स्कॅनमध्ये सहज जोडता येतात. रबरबँड लावू नये. त्यातल्या गंधकाने चांदी काळवंडते आणि फोटोवर पट्टा उमटतो.

पेटी कधी आणि कशी भरायची

पेटी भरण्याचा काळ दिवाळी ते होळी. ज्या हवेत पेटी बंद करतो तीच हवा आणि तोच कागदातला ओलावा आपण आत कोंडतो. जुलैमध्ये हवाबंद डबा भरला तर दमटपणाच कोंडला. भर एप्रिलच्या दुपारीही नको, कारण अतिकोरड्या हवेत जुने फोटो सुरळीसारखे वळतात.

फोटोंना ऊन दाखवू नये. पापड-कुरडया आणि रजया वाळवण्याची आपली सवय फोटोंना घातक आहे. उन्हात जिलेटिन एका तासात आक्रसतं आणि तडकतं. सावलीत, वाऱ्याच्या खोलीत, पंखा थेट अंगावर न घेता, दोन दिवस पसरून ठेवले तर पुरेसं होतं. बुरशी असेल तर आधी अशी पूर्ण वाळू द्या. ओली बुरशी पुसली की ती जिलेटिनमध्ये रगडली जाते. वाळल्यावर गॅलरीत जाऊन, तोंडाला एन-९५ मास्क लावून, मऊ केसांच्या रुंद ब्रशने मधून कडेकडे झटका. काच पुसायचा स्प्रे, थुंकी, ओला रुमाल, यांतलं काहीही नको. हात साबणाने धुऊन कोरडे करा आणि फोटो कडेनेच धरा. पापुद्रे सुटलेल्या फोटोला सुती हातमोज्याचे धागे अडकतात, तिथे स्वच्छ कोरडा हात किंवा नायट्राइलचे मोजे बरे.

प्रत्येक फोटो स्वतंत्र कागदी पाकिटात किंवा घडीत. कागद ॲसिड-फ्री हवा. पीएच पेनची, म्हणजे आम्लाप्रमाणे रंग बदलणाऱ्या पेनची, एक रेघ मारली की कळतं. आप्पा बळवंत चौकात स्टेशनरी मिळते, पण "बटर पेपर" म्हणून मिळणारा प्रत्येक कागद चालतो असं नाही, म्हणून आधी रेघ मारून पाहा आणि मगच गठ्ठा घ्या. शिवाजीनगरच्या हातकागद संस्थेत चिंध्यांपासून केलेला कागद मिळतो. त्याचा पांढरा, बिनरंगी प्रकार घ्यावा आणि तोही तपासावा. प्लास्टिकच हवं असेल तर पॉलिएस्टर किंवा पॉलिप्रॉपिलीन, पीव्हीसी नाही. पण सुटणारे पापुद्रे असलेला फोटो पॉलिएस्टरमध्ये घालू नये, त्याच्या स्थिर विजेने पापुद्रे उपटले जातात.

लहान फोटो कडेवर उभे, मध्ये आधार देऊन. मोठे आणि पुठ्ठ्यावरचे आडवे, फार उंच थर न करता. डब्यात सिलिका जेल, म्हणजे दमटपणा शोषणारे खडे, ठेवायचं तर हिशेबाने ठेवा. वीस लिटरच्या झाकणबंद डब्यात दोन किलो फोटो-कागद असतील तर पाव किलो जेल लागतं, कारण डब्यातल्या हवेत पाणी नगण्य असतं, खरं पाणी कागदात असतं. बुटांच्या खोक्यातली दोन पुड्यांची जेल इथे काही कामाची नाही. निळ्याऐवजी नारिंगी जेल घ्या. निळ्यात कोबाल्ट क्लोराइड असतं आणि ते विषारी आहे. कापडी पिशवीत घालून, फोटोंना न टेकवता ठेवा. रंग बदलला की ओव्हनमध्ये ११०-१२० अंशांवर दोन-तीन तास तापवून पुन्हा वापरता येतं. डब्यात छोटा डिजिटल आर्द्रतामापक ठेवा. तो ५५ च्या वर गेला की जेल बदला, ३० च्या खाली आला तर थोडं काढा. डांबरगोळ्या मात्र नकोत. त्यांची वाफ फोटोवर स्फटिकांच्या रूपात बसते आणि प्लास्टिक मऊ करते. कसरीसाठी खरा उपाय म्हणजे कोरडेपणा आणि आसपास खळीने चिकटवलेले जुने कागद न ठेवणं.

डबा आतल्या खोलीत, आतल्या भिंतीपाशी, जमिनीपासून वीतभर वर आणि भिंतीपासून चार बोटं लांब. दिवाळीआधी घराला ऑइलपेंट लावणार असाल तर फोटो महिनाभर दुसऱ्या घरी हलवा. ओल्या ऑइलपेंटमधून पेरॉक्साइड निघतात आणि त्यांनी चांदीवर तांबूस ठिपके येतात.

रंगीत फोटो आणि निगेटिव्ह

रंगीत फोटोत चांदी उरत नाही, तीन रंगद्रव्यांचे थर असतात. सत्तर-ऐंशीच्या दशकातल्या कागदांत निळसर-हिरवा थर अंधारातसुद्धा उडायचा, म्हणून बंद अल्बममधले लग्नाचे फोटो लालसर झाले. गेलेला रंग मूळ प्रिंटमध्ये परत येत नाही. स्कॅन केल्यावर मात्र बराचसा परत आणता येतो, जोवर त्या थरात थोडं तरी काही शिल्लक आहे तोवरच. म्हणून स्कॅन करायला बसलात तर १९१५ च्या पणजोबांआधी १९८२ चं लग्न घ्या.

ही रंगद्रव्यं उष्णतेने मरतात. तापमान साधारण पाच-सहा अंशांनी उतरलं की त्यांचं आयुष्य जवळजवळ दुप्पट होतं. महत्त्वाचे रंगीत प्रिंट आणि निगेटिव्ह हिवाळ्यात, कोरड्या हवेत, एकात एक अशा दोन झिप पिशव्यांत घालून फ्रिजमध्ये ठेवता येतात. बाहेर काढल्यावर पिशवी रात्रभर उघडायची नाही, नाहीतर थंड फोटोवर दव धरतं.

निगेटिव्ह लोक सर्रास टाकतात आणि हे मनाला फार लागतं. घरोघरी असलेल्या आग्फा क्लिक-थ्री कॅमेऱ्याने १२० च्या रोलवर सहा बाय सहा सेंटिमीटरची बारा चित्रं निघत. त्यांचे प्रिंट पुष्कळदा तेवढ्याच आकाराचे, चिमुकले. पण निगेटिव्हमध्ये त्याहून कितीतरी जास्त तपशील असतो. निगेटिव्हच्या डब्याला व्हिनेगरचा आंबट वास आला तर ॲसिटेट फिल्म सडू लागली आहे. ती बाकीच्यांपासून लगेच वेगळी करा, कागदी पाकिटात, हवा लागेल अशी ठेवा आणि पहिल्यांदा स्कॅन करा. १९५० पूर्वीच्या फिल्म नायट्रेटच्या असू शकतात. कडेला "सेफ्टी" असं छापलं नसेल आणि फिल्म पिवळी-चिकट झाली असेल तर ती कपाटात, गॅसजवळ किंवा माळ्यावर ठेवू नका. २००३ साली पुण्यातच राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाच्या नायट्रेट फिल्मच्या साठ्याला आग लागली होती. नायट्रेट स्वतःचा प्राणवायू स्वतः पुरवत जळतं, पाणी ओतून ते विझत नाही.

फोटो भिजले तर

१२ जुलै १९६१ ला पानशेत धरण फुटलं तेव्हा नदीकाठच्या पेठांमधून किती घरांचे फोटो गेले असतील याची मोजदाद नाही. २०१९ ला आंबिल ओढ्याचा पूर आला आणि २०२४ ला एकतानगरीत पाणी शिरलं, म्हणजे हा प्रश्न जुना झालेला नाही. ४८ तासांत बुरशी धरते, तेवढ्यात निर्णय घ्यावे लागतात.

भिजलेला गठ्ठा तसाच वाळू द्यायचा नाही. वाळला की त्याची वीट होते. ओल्या फ्रेममधला फोटो ओला असतानाच काढा, वाळला तर काचेला बसलाच. प्लास्टिकच्या टबात स्वच्छ थंड पाणी घ्या, पुण्यात उन्हाळा-पावसाळ्यात त्यात बर्फ टाका, कारण कोमट पाण्यात जिलेटिन विरघळू लागतं. जिलेटिनचे चिकटलेले फोटो या पाण्यात सोडा, ओढू नका, आपोआप सुटतात. मग दोन-तीन ट्रेमधून पाणी बदलत, चित्राला बोट न लावता गाळ धुवा, आणि टिपकागदावर चित्राची बाजू वर करून वाळवा. अल्ब्युमेन, हाताने रंगवलेले आणि घरच्या इंकजेट प्रिंटरवरचे फोटो पाण्यात बुडवायचे नाहीत, ते सरळ वाळवायचे. पाण्यात राहिले तर रंगीत प्रिंट लवकर बिघडतात, म्हणून ते आधी.

सगळे हाताळायला वेळ नसेल तर मध्ये बटर पेपर घालत, दहा-दहाचे गठ्ठे करून, झिप पिशवीत घालून फ्रीझरमध्ये टाका. तिथे आठवडेही निघतात. काचेच्या निगेटिव्ह प्लेट्स मात्र गोठवू नका.

स्कॅन

फ्लॅटबेड स्कॅनर घ्या. कागद ओढून घेणारा ऑफिसचा स्कॅनर जुन्या फोटोला कधीच नको. ४×६ इंचांपासूनच्या प्रिंटला ६०० डीपीआय (दर इंचाला इतके ठिपके), क्लिक-थ्रीच्या चिमुकल्या प्रिंटला १२००, १२० च्या निगेटिव्हला २४००. काळा-पांढरा फोटोही रंगीत म्हणूनच स्कॅन करा, कारण डाग आणि पिवळेपणा वेगळा ओळखून काढायला रंगाची माहिती लागते. मूळ प्रत टिफमध्ये, म्हणजे तपशील न गाळणाऱ्या फाइल-प्रकारात. ४×६ ची एक टिफ फाइल २६ एमबीच्या आसपास होते. तिच्यावर कुठलीही सुधारणा करायची नाही. सुधारणा, रंग, व्हॉट्सॲप, सगळं तिच्या जेपेग प्रतीवर. स्कॅनरमधली इन्फ्रारेडची धूळ काढायची सोय काळ्या-पांढऱ्या निगेटिव्हला बंद ठेवा, ती चांदीलाच धूळ समजते. वळलेला किंवा पापुद्रे सुटलेला फोटो काचेवर दाबू नका, वरून कॅमेऱ्याने घ्या, दोन्ही बाजूंनी ४५ अंशांत दिवे लावून. पाठीमागची बाजूही स्कॅन करा. तिथे शिक्का, हस्ताक्षर, कागदाच्या कंपनीचं नाव असतं. तीन प्रती, दोन वेगळ्या माध्यमांवर, त्यातली एक दुसऱ्या घरी. २००५ च्या सुमाराला स्टुडिओने दिलेल्या सीडी-डीव्हीडी असतील तर त्या आजच उतरवून घ्या.

नावं

वाडा पुनर्विकासाला जातो तेव्हा नाव नसलेला फोटो आधी रद्दीत जातो. मंगळवार पेठेतल्या जुन्या बाजारात, बुधवारी आणि रविवारी, असे चेहरे चादरीवर मांडलेले दिसतात. उत्तम ठेवलेले, एकाही ओरखड्याशिवाय, आणि कुणाचेही नाहीत.

"आईचे काका" असं लिहू नका, कारण पुढच्या पिढीला कुणाची आई ते कळत नाही. पूर्ण नाव, गाव, साल, प्रसंग, आणि ही माहिती कुणी सांगितली, तेही. बायकांच्या बाबतीत विशेष काळजी घ्यावी लागते. लग्नात आडनावाबरोबर पुष्कळदा पाळण्यातलं नावही बदलायचं. १९२८ च्या माहेरच्या फोटोतली मुलगी आणि १९३४ च्या सासरच्या फोटोतली सून एकच आहे, हे सांगणारं माणूस एकच उरलेलं असतं. म्हणून माहेरचं नाव आणि आडनाव, सासरचं नाव आणि आडनाव, चारही लिहा. अंदाज असेल तिथे प्रश्नचिन्ह टाका, ठाम लिहून टाकू नका.

लिहायचं ते पाकिटावर, फोटो आत घालण्याआधी. फोटोच्या पाठीवर लिहिणं भागच असेल तर मऊ पेन्सिलने, कडेला, फोटो कठीण सपाट जागेवर पालथा ठेवून, न दाबता. बॉलपेनचा दाब चेहऱ्यावर उमटतो. ग्रुप फोटोसाठी स्कॅनची ए-फोर आकाराची फिकट प्रत छापा, प्रत्येक डोक्यावर आकडा टाका, खाली तक्ता करा आणि घरातल्या सगळ्यात वयस्कर व्यक्तीकडे ती घेऊन बसा. मोबाइलवर आवाज रेकॉर्ड करा, कारण नावं सांगताना ओघात जे सांगितलं जातं ते तक्त्यात मावत नाही. दुसऱ्या नातेवाइकांकडे कोरी प्रत न्या, भरलेली नको. भरलेली पाहिली की माणसं मान डोलावतात. दोघांची उत्तरं जिथे वेगळी येतील तिथे दोन्ही लिहा. तक्त्याची एक प्रत पाकिटात फोटोसोबत ठेवा, पण मध्ये ॲसिड-फ्री कागद घालून, आणि दुसरी स्कॅनच्या फोल्डरमध्ये त्याच क्रमांकाने.